ओसरीवरून : उघडलेल्या बाटलीचे आयुष्य

‘बोर्डो’ हा शब्द आमच्या पालघरकडील बागाईतदारांस नवा नाही. केळवे-माहीमच्या कोणत्याही पानवेलीच्या वाडीत जाऊन विचारावे. बोर्डो म्हणजे वेलीवर मारावयाचे निळे औषध, असे गडीमाणूसही चटकन सांगेल. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, असे त्याचे साधे प्रमाण आहे. कालवलेल्या औषधात लोखंडी सुरी क्षणभर बुडवून पाहावी. पात्यावर तांब्याची तांबूस झाक चढली तर चुना कमी पडला असे समजावे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बोर्डो शहराजवळ मेडॉक नावाचा द्राक्षमळ्यांचा मुलूख आहे. तेथील माळी वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर असे निळे पाणी शिंपडीत. १८८२ च्या सुमारास मिलार्दे ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानी आले की, केवड्या रोगाने बाकीचा मळा झडला तरी त्या वेली मात्र हिरव्या राहिल्या आहेत. १८८५ मध्ये त्याने ह्या औषधाची कृती प्रसिद्ध केली, आणि त्या शहराचे नाव आमच्या पानमळ्यांपर्यंत येऊन पोहोचले.

ह्या औषधाचा एक गुण प्रत्येक बागाईतदार जाणतो. ते ज्या दिवशी कालवावे त्याच दिवशी संपवावे लागते; शिळ्यात गुण उरत नाही. त्याच बोर्डोच्या तांबड्या द्राक्षमद्याची बाटली एकदा उघडली म्हणजे किती दिवस टिकते, हा प्रश्न गेल्या वैशाखात आमच्या मुरब्याच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. ब्राह्मणाच्या ओसरीवर असा प्रश्न यावाच का, अशी शंका काही वाचकांस येईल. ती आम्हांसही आली होती. म्हणून प्रथम तो कसा आला तेवढे सांगतो.

आमचे थोरले बंधू वैद्य आहेत. त्यांचा धाकटा मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि नाशिकजवळच्या एका वाईनच्या कारखान्यात नोकरीस लागला. त्या दिवसापासून दादा त्याच्याशी कामापुरतेही बोलेनासे झाले. पोरगा सणावारी येई, पाया पडे. दादा हात वर करीत, पण तोंडातून शब्द काढीत नसत. मध्यंतरी एक चांगले स्थळ सांगून आले होते, तेही ‘मुलगा दारूच्या कारखान्यात आहे’ एवढ्या एका वाक्यावर परत गेले. ह्या गोष्टीस दोन वर्षे होऊन गेली. वहिनींनी ह्या दोन वर्षांत काय सोसले, ते एकत्र कुटुंबातील वाचक भगिनींस सांगावयास नको. एकाच घरात दोघे न बोलणारे असले म्हणजे ताटे मांडणाऱ्या बाईला किती हिशेब ठेवावे लागतात, ते तीच जाणे.

वैशाखात हा आमचा पुतण्या जव्हारच्या घाटाने घरी आला, तेव्हा त्याच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. फ्रान्सहून परतलेल्या त्याच्या एका सहकाऱ्याने त्या आणल्या होत्या. दोन्ही एकाच मळ्याच्या, एकाच सालच्या आणि हलक्या किमतीच्या. तो आम्हांस म्हणाला, “काका, आम्हांला गिऱ्हाईक नेहमी विचारतं की उघडलेली बाटली किती दिवस ठेवावी. पुस्तकात लिहिलेलं असतं ते थंड देशाचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय होतं ते मला पाहायचं आहे. तुम्ही शाळेत प्रयोगवही ठेवायला लावायचात ना? मग ही वही तुम्हीच ठेवा.” मास्तरकीची नस त्याने बरोबर पकडली. आमच्याने नाही म्हणवेना.

आता ह्या पदार्थाविषयी थोडे. गरोन आणि दोर्दोन्य ह्या दोन नद्या बोर्डोच्या खाली एकत्र होऊन त्यांची जिरोंद नावाची रुंद खाडी बनते व ती अटलांटिक महासागरास मिळते. खाडीच्या डाव्या तीरावर गोट्यागोट्यांची भरड जमीन आहे; तेथे ‘काबर्ने सोव्हिन्यों’ ही जाड सालीची, तुरट द्राक्षे होतात. उजव्या तीराकडे चिकणमाती व चुनखडी आहे; तेथे ‘मर्लो’ ही मऊ, लवकर पिकणारी जात अधिक. बोर्डोचे तांबडे मद्य बहुधा ह्या दोन जातींच्या मिश्रणाचे असते. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बादशहा तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून तेथील नामांकित मळ्यांची प्रतवारी लावण्यात आली. त्या यादीत सुमारे ६० तांबड्या मद्यांची नावे आहेत आणि त्यांच्या किमती ऐकून मध्यम स्थितीच्या गृहस्थास घेरी यावी. परंतु बोर्डोचे बहुतेक मद्य ह्या यादीबाहेरचे आहे. ज्या बाटलीवर नुसते ‘बोर्डो’ किंवा ‘बोर्डो सुपेरिअर’ असे लिहिलेले असते, ती तिकडे पाच-दहा युरोंस मिळते. चिठ्ठीवर ‘शातो’ म्हणजे गढी किंवा वाडा हा शब्द दिसला म्हणून कोणी हुरळून जाऊ नये; तो साध्या शेतघरासही लावतात. अशी बाटली वर्षानुवर्षे तळघरात मुरविण्यासाठी नसते. दोन-चार वर्षांत उघडावी एवढ्यासाठीच ती केलेली असते.

गावाच्या नावाने मद्य ओळखण्याची ही रीत फ्रेंचांनीच काढली असे मात्र समजू नये. काबूलच्या उत्तरेस कापिशी नावाची प्राचीन नगरी होती. तिच्या नावापासून ‘कापिशायन’ हा शब्द साधण्यासाठी पाणिनीने एक सूत्र खर्ची घातले आहे, आणि टीकाकार त्याची उदाहरणे देतात ती तेथील द्राक्षांची व द्राक्षमद्याची. कौटिल्यानेही द्राक्षांच्या रसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून, देशावरून पडलेली त्याची ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ अशी नावे दिली आहेत. आम्ही पुतण्यास हे सांगितले तेव्हा त्याने ते आपल्या वहीत टिपून घेतले. दादा झोपाळ्यावर होते. त्यांनी मान वळविली नाही, परंतु झोपाळा मात्र क्षणभर थांबला.

प्रयोगाच्या आधी एक त्रैराशिक मांडून पाहिले. बाटली ७५० मिलिलिटरची. अर्धी ओतली की आत ३७५ मिलिलिटर हवा शिरते. हवेचा सुमारे पाचवा हिस्सा प्राणवायू; म्हणजे बूच पुन्हा घट्ट लाविले तरी आत पाऊणशे मिलिलिटर प्राणवायू कोंडलेला राहतो. उघडल्यावर लगेच बूच लाविले म्हणजे बाटली पुन्हा बंद झाली, ही समजूत किती भ्रामक आहे ते ह्यावरून कळेल. शत्रू आत घेऊनच आपण दार लावीत असतो. हा प्राणवायू प्रथम थोडे भलेही करतो. कोवळ्या मद्याचा करकरीतपणा तो बोथट करतो आणि दबलेला वास मोकळा करतो. पुढे मात्र तोच वास पुसून टाकतो, मद्यार्काचे रूपांतर कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येणाऱ्या द्रव्यात करतो आणि रंगाच्या कडेस विटकरी छटा आणतो. शिवाय हवेत व चिलटांच्या पायांवर एक जातीचे जंतू असतात. त्यांस प्राणवायू आणि ऊब मिळाली की ते मद्यार्काचे आम्ल करतात. हे काम सजीव जंतूंचे आहे, हे पाश्चरने १८६० नंतरच्या दशकात सिद्ध केले. त्याचा द्राक्षमद्यावरील ग्रंथ १८६६ सालचा आहे. फ्रेंच लोक शिरक्यास ‘व्हिनेग्र’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थच ‘आंबट मद्य’ असा आहे.

ह्या शत्रूस अडविणारे द्वारपालही बाटलीतच असतात. एक मद्याचा अंगचा आंबटपणा, दुसरा द्राक्षांच्या सालीबियांतून उतरलेला तुरटपणा, तिसरा मद्यार्क आणि चौथा करणाऱ्याने मुद्दाम घातलेला गंधकाचा अंश. तांबडे कोवळे मद्य पांढऱ्याहून तुरट असते, म्हणून हवेशी थोडे अधिक झगडते. फार जुन्या मद्यातील हे द्वारपाल थकलेले असतात. ते उघडल्यावर काही तासांतच मालवते. आणि ह्या सर्वांवर उष्णतेची सत्ता चालते. तपमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम पुतण्याने सांगितला. युरोपीय पुस्तकांत तांबडे मद्य ‘खोलीच्या उष्णतेवर’ प्यावे असे लिहितात ती खोली १६ ते १८ अंशांची असते. आमच्या माजघरात त्या आठवड्यात दुपारी ३३ अंश होते.

आता प्रयोग. दोन बाटल्यांचे आम्ही चार वाटे केले. पहिल्या बाटलीतील निम्मे मद्य उघडताक्षणी एका उकळून वाळविलेल्या लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरले, आत हवा जवळजवळ राहू दिली नाही, आणि बूच लावून ती बाटली थंडीत ठेवावयाची, हा ‘अ’. उरलेले निम्मे तसेच मोठ्या बाटलीत, बूच लावून, थंडीत, हा ‘आ’. दुसऱ्या बाटलीतील निम्मे बूच लावून फडताळात, हा ‘इ’. आणि बाकीचे काचेच्या बरणीत, वर मलमलीचे फडके बांधून ओसरीच्या कोनाड्यात, हा ‘ई’.

थंडीचा प्रश्न नाजूक निघाला. स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये नैवेद्याचे दूध असते. तेथे ह्या बाटल्या ठेवण्यास वहिनींनी स्पष्ट नकार दिला, आणि तो आम्हांस योग्यच वाटला. दुसरे शीतकपाट मागील पडवीत, दादांच्या औषधांचे. विचारावे कोणी? अखेर वहिनीच गेल्या. दादा खलात काही घोटीत होते. त्यांनी वर न पाहता सांगितले, “खालच्या कप्प्यात ठेवा. माझ्या बाटल्यांना लागू देऊ नका.” दोन वर्षांत मुलाच्या कामासंबंधी त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले वाक्य.

परीक्षा रोज सायंकाळी, दिवेलागणीपूर्वी होई. मुलांस त्या वेळी अंगणात पिटाळीत असू. आमच्या सौ. चार पेल्यांत चार वाटे ओतून पेल्यांखाली खुणेचे कागद ठेवीत, म्हणजे कोणता कोणता ते आम्हां दोघांसही कळत नसे. पुतण्या घोट तोंडात घोळवून थुंकून टाकी. हा व्यवसायाचा रिवाजच आहे. दिवसाला तीस-चाळीस नमुने चाखणारा गिळू लागला तर त्याचे काम तेथेच संपेल. थुंकण्यासाठी आजोबांची पितळी पिकदाणी माळ्यावरून उतरविली. आम्ही स्वतः हुंगण्याचेच काम पत्करले होते. चाळीसएक वर्षांपूर्वी वडिलांस दिलेला शब्द होता, तो ह्या वयात वहीसाठी मोडावा असे वाटले नाही. आणि वासावरून पुष्कळ कळते, असा अनुभव आला.

पहिल्या दिवशी वास दबलेला होता. पुतण्याच्या पुस्तकात त्यास ‘ब्लॅककरंट’ची उपमा आहे; ते फळ आम्ही पाहिलेलेही नाही. आम्ही लिहिले : जांभूळ, पिकलेले करवंद, ओली माती, आणि मागाहून हिरव्या ढोबळी मिरचीचे देठ. मिरची वाचून पुतण्या हसला नाही. काबर्ने जातीच्या अपुऱ्या पिकलेल्या द्राक्षांत तो वास खरोखरच असतो, म्हणाला. चवीस ते त्याला तुरट आणि थोडे बोचरे लागले.

दुसऱ्या दिवशी आश्चर्य घडले. ‘अ’ पहिल्या दिवसाहून सरस निघाला. करवंदाचा वास मोकळा झाला होता आणि बोच गेली होती. ओतताना लागलेली घटकाभर हवा त्याला मानवली. ‘आ’ त्याच्या मागोमाग होता. ‘इ’ चा वास विरळ झाला होता. ‘ई’ भोवती चिलटे जमली होती.

तिसऱ्या दिवशी ‘अ’ तसाच. ‘आ’ किंचित मुका, पण निर्दोष. फडताळातील ‘इ’ मध्ये चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास शिरला होता. ‘ई’ हुंगताच नाकात झिणझिणी आली. मुली नखांस रंग लावतात त्याच्या कुपीसारखा वास, आणि त्यामागे शिरका.

पाचव्या दिवशी ‘अ’ अजून टवटवीत, ‘आ’ पिण्याजोगा परंतु सपाट. ‘इ’ ची कड विटकरी झाली होती. पुतण्याने त्यावर काट मारली. सातव्या दिवशी ‘अ’ ही उतरणीस लागला आणि वही बंद केली. दोन बाटल्यांवरून शास्त्र होत नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांस शिकविले तसे स्वतःसही बजावले. परंतु लहान बाटलीत काठोकाठ भरून थंडीत ठेवण्याची युक्ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी ठरली, आणि ती जाणत्यांच्या सांगण्याशी जुळते.

नाशिकच्या मद्यासही हेच लागू होते काय, असे आम्ही विचारले. नियम तेच, असे तो म्हणाला, फरक हवामानाचा. बोर्डोत द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडतात. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते, एकदा एप्रिलच्या सुमारास आणि फळासाठी पावसाळा सरता सरता. खुडणी होते जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढण्याच्या आत. नारायणगावास १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच पद्धतीने फेसाळ मद्य होऊ लागले, २००० साली नाशिककडील पहिल्या मोठ्या कारखान्याची वाईन बाजारात आली आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे स्वतंत्र धोरण आखले. त्यानंतर ज्या शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षांबरोबर काबर्ने आणि शिराझ लाविली, त्यांच्या मुलांचे शिक्षण त्या वेलींवर झाले, हेही त्याने सांगितले. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जाहीर केला, तेव्हा वाईन ही दारू की नव्हे असा वाद गावोगाव माजला होता. आमच्या मते तो वाद शब्दांचा होता. १२-१३ टक्के मद्यार्क ज्यात आहे ते मद्यच. पाणिनीलाही त्यात शंका नव्हती.

आता दादांकडे वळू. पाचव्या दिवशी सायंकाळी ‘ई’ ची बरणी पुतण्या ओतून देण्यास परसात नेत होता. दादा पडवीच्या दारात उभे होते. त्यांनी हात पुढे केला, बरणी घेतली, फडके सोडले, एकदाच हुंगले आणि म्हणाले, “शुक्त झालं. तिसऱ्या दिवशीच झालं असणार. तोंड मोकळं ठेवलंत.” पुतण्या म्हणाला, “आप्पा, हे ओळखायला आम्हांला कारखान्यात यंत्र लावावं लागतं.” दादा म्हणाले, “यंत्र कशाला? माझं एक द्राक्षासव असंच गेलं होतं. तू सहावीत होतास. मडक्याची संधी नीट लिंपली नव्हती.”

वाचकांस ठाऊक असेल की, आयुर्वेदात आसव व अरिष्ट ही औषधेच आंबवून करतात. काढा न करता केले ते आसव, काढ्यापासून केले ते अरिष्ट, असा भेद शार्ङ्गधराने सांगितला आहे. धायटीची फुले घालावयाची, मडक्यास आतून तुपाचा हात फिरवावयाचा, तोंड झाकून कापडमातीने लिंपावयाचे, आणि महिनाभर हलवावयाचे नाही. त्यात आपोआप मद्यार्क उत्पन्न होतो, आणि तोच औषध टिकवितो. बाजारच्या द्राक्षारिष्टाच्या बाटलीवर त्याचे प्रमाण छापलेले असते. आपण तिकडे पाहत नाही इतकेच. बिघडून आंबट झालेल्या मद्यास शास्त्रकारांनी ‘शुक्त’ हे नाव देऊन ठेवले आहे. पाश्चरने त्याचे कारण शोधिले. परंतु लक्षण आमच्या वैद्यांच्या नाकास पूर्वीच ठाऊक होते.

त्या रात्री बाप-लेक पडवीत बसून तास दीड तास बोलत होते. विषय एकच : संधान, म्हणजे आंबविण्याची क्रिया. बापाने मडक्याची माती कशी निवडावी ते सांगितले, मुलाने किण्वाच्या जाती कशा वेगळ्या करतात ते सांगितले. वहिनी माजघरात ताटे घेऊन थांबल्या होत्या. त्यांनी दोघांस हाक मारली नाही. अन्न निवले तरी त्या दिवशी त्यांस चालणार होते. दादांचे मत पालटले असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांपाशी स्पष्ट सांगितले, “मी चमच्याने देतो, तो पेल्याने विकतो. हा फरक आहे आणि राहील.” हे त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. परंतु त्यांनी ते पुतण्यासमोर सांगितले, आणि पुतण्याने त्यावर उत्तर दिले. न बोलण्याहून हे शतपटीने बरे.

पुतण्याचे उत्तर काय होते, ते येथे मुद्दाम देतो. कारण ह्या लेखाचे प्रयोजन तेच आहे. तो म्हणाला, “आप्पा, एका बाटलीत पाच पेले असतात. घरात पिणारी दोन माणसं. उघडलेली बाटली उद्या खराब होणार अशी समजूत असली की ती आजच संपवतात. टिकते हे ठाऊक असलं तर झाकून ठेवतील.” आम्ही विचार करू लागलो. आमच्या किनाऱ्यावर ताडी आहे. पहाटेची नीरा चुना लाविलेल्या मडक्यात धरून उन्हाआधी प्याली तर ती गोड, निर्व्यसनी. ऊन चढले की फुटते, सायंकाळी झिंग आणते आणि दुसऱ्या दिवशी आंबून जाते. उद्यासाठी ठेविता येत नाही, म्हणून आजच संपवावयाची, हा तिचा धर्मच. त्या धर्मापायी दिवसाची मजुरी सायंकाळी संपविणारे बाप आम्ही पाहिले आहेत आणि त्यांची मुले आमच्या वर्गात उपाशीपोटी बसलेली पाहिली आहेत. द्राक्षमद्यास तो धर्म लागू नाही. तरीही माणसे ते ताडीसारखेच पितात. उघडली आहे, वाया जाईल, संपवून टाकू, ह्या वाक्याने किती घरांत तिसरा आणि चौथा पेला भरला जात असेल!

आजच्या सुशिक्षित कुटुंबांतील मुले पुण्या-मुंबईस, परदेशी राहतात. त्यांपैकी काही घेतात, हे आपण जाणतो आणि जाणत नसल्याचे दाखवितो. आमचे मत विचाराल तर न घेणे हेच उत्तम. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे, आणि तांबडे मद्य हृदयास हितकर असते ह्या जुन्या बोलण्यावर विसंबणे आता शहाणपणाचे नाही. परंतु जो घेणारच आहे त्याच्यापुढे दोनच वाटा असतात : लपवून, घाईने, बाटली संपवून घेणे, किंवा उघडपणे, एक पेला घेऊन, बूच लावणे. पहिली वाट आपल्या मौनाने रुंद होते.

म्हणून पुतण्याच्या वहीतील चार गोष्टी येथे उतरून देतो. ज्यास गरज नाही त्याने त्या नुसत्या वाचाव्या. ज्याच्या घरी गरज आहे त्याने न लाजता त्या ध्यानी ठेवाव्या. बाटली उघडताच, पिण्यापूर्वीच, निम्मे मद्य स्वच्छ लहान बाटलीत काठोकाठ भरून बंद करावे. शेवटी उरेल ते भरू म्हणू नये, कारण बहुधा उरत नाही. तांबडे असले तरी उघडल्यावर ते थंडीतच ठेवावे आणि घेण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावे. उभे ठेवावे, म्हणजे हवेस पृष्ठभाग कमी मिळतो; बूच ओले राहावे म्हणून आडवे ठेवण्याचा नियम न उघडलेल्या बाटलीचा आहे. आणि अशा रीतीने तीन ते पाच दिवस हिशेबी धरावे. शिरक्याचा किंवा शिळ्या सफरचंदाचा वास आला की मोह न धरता ओतून द्यावे. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालील परवाना लागतो, हेही ज्याचे त्याने पाहावे.

‘ई’ चा उरलेला शिरका तांब्याची भांडी घासण्यास उपयोगी पडेल, असे आम्ही वहिनींस सुचविले होते. चिंच आहे घरात, असे त्यांनी सांगितले. तो परसात, केळीपासून दूर ओतण्यात आला.

पुतण्या नाशिकला परत गेला. निघताना पाया पडला तेव्हा दादांनी त्यास विचारले, “पुढच्या खेपेला धायटीची फुलं तिकडे मिळाली तर आणशील का? इथं चांगली येत नाहीत.” तो हो म्हणाला. आमची प्रयोगवही आम्ही दादांच्या औषधांच्या फडताळात ठेविली आहे. शेवटच्या पानावर, ‘ई’ च्या रकान्यात, ‘शिरका’ हा आमचा शब्द खोडून त्यांच्या अक्षरात ‘शुक्त’ असे लिहिलेले परवा आढळले.